भाऊसाहेब जहागीरदारांची माती

अभिनय कुठं शिकलात, असं मुलाखतीत विचारतात तेव्हा मी नांदेडच्या युवक महोत्सवाचं नाव सांगतो. ते खोटं आहे. अभिनय मी शिकलो अप्पांच्या लुनावर मागे बसून, दुसऱ्यांच्या मातीला जाता जाता.

आमचं लातूरला गंजगोलाईत सरकी-पेंडीचं दुकान होतं. गिऱ्हाईक सगळं रेणापूरकडच्या खेड्यापाड्यातलं. त्यांच्यात कुणी गेलं की अप्पा दुकान अर्धं ओढून मातीला निघायचे. लग्नाला नाही गेलं तर लोक चार दिवस रुसतात, मातीला नाही गेलं तर पेंड दुसऱ्या दुकानातून घेतात, असा त्यांचा अनुभव होता. सोबत मला न्यायचे, कारण माझं तोंड. ते जन्मतःच पडलेलं आहे. डोळ्यांचे कोपरे खाली, ओठांचे कोपरे खाली. बारशाच्या फोटोतसुद्धा मी कुणाला तरी पोचवून आल्यासारखा दिसतो. गाव जवळ आलं की अप्पा लुना हळू करायचे आणि म्हणायचे, "मल्लू, तोंड पाड." मी पडलेलंच तोंड आणखी पाडायचो. मग रडणाऱ्या बायका मला बघून जास्तच रडायच्या. "लेकराला बी कळलं बघा," म्हणायच्या. लेकराला काहीएक कळलेलं नसायचं. लेकराचा जीव परतीच्या वाटेवरच्या भज्यांत असायचा.

आम्ही लिंगायत. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, त्याच्या गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात आणि तसंच बसल्या बसल्या जमिनीत समाधी देतात. सुरुवातीला मी ज्या ज्या घरी गेलो ती सगळी आमच्यातलीच होती. त्यामुळे मेलेली माणसं बसलेली असतात, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मग एकदा आम्ही एका पाटलांकडे गेलो. पाटील अंगणात आडवे. भरल्या अंगणात मी मोठ्यानं विचारलं, "अप्पा, ह्यांना बरं न्हाई का?" अप्पांनी मांडीला असा चिमटा काढला की मी गळाच काढला. पाटलांच्या सुनेनं मला पोटाशी धरलं आणि आम्ही दोघं बराच वेळ रडलो. ते गिऱ्हाईक अप्पांच्या हयातीत कधी तुटलं नाही.

पुढे इंजिनीअरिंगला नांदेडजवळ विष्णुपुरीला गेलो. तिथं युवक महोत्सवातल्या एका विनोदी नाटकात मला घरजावई केलं. मी एंट्री घेतली आणि सभागृहात सुतकी शांतता पसरली. दुसऱ्या अंकात मागच्या रांगेतल्या एक बाई उठून बाहेर गेल्या, त्यांना म्हणे भाऊ आठवला. परीक्षकांनी मला गंभीर अभिनयाचं पहिलं बक्षीस दिलं आणि नाटकाला काहीच दिलं नाही. बाकीचे कलाकार माझ्याशी परीक्षा होईपर्यंत बोलले नाहीत. मी मात्र डिग्री खिशात घालून मुंबईला गेलो.

मुंबईवाल्यांनी माझं 'हाव' आणि 'लई' काढून घेतलं आणि तोंड तेवढं ठेवलं. तिशीतच मला बापाची कामं मिळायला लागली. पहिली लेक माझ्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी लहान होती. कॅमेऱ्यासमोर मी तिचं कन्यादान केलं तेव्हा सगळं युनिट रडलं, तिच्या खऱ्या लग्नाचं मात्र मला आमंत्रण नव्हतं. मला राग येतो अशा गोष्टींचा. लोक म्हणतात, तुमच्या चेहऱ्यावर दिसत नाही. कसा दिसेल?

मग ती मालिका मिळाली. नाव सांगत नाही. सगळ्यांची नावं सारखीच असतात, त्यात एक अंगण असतं आणि एक सून असते. मी भाऊसाहेब जहागीरदार, कोल्हापूरकडचे बडे बागाईतदार. पहिल्या दिवशी घरून पूजा करून निघालो तो कपाळावरची विभूती पुसायची राहिली. पहिला सीन तसाच झाला. नंतर पुसायला गेलो तर कंटिन्युइटी बघणारी मुलगी किंचाळली, "सर, आता पट्टे राहणार!" झालं. कोल्हापूरकडचे हे जहागीरदार चार वर्षं कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून हिंडले. मुंबईत कुणाच्या लक्षात आलं नाही. लातूर, उदगीर, निलंग्यात पहिल्याच आठवड्यात आलं. भाऊसाहेब आपल्यातले, हे ठरून गेलं. आमच्या समाजाचे अध्यक्ष बसवंतअप्पा यांनी मला फोन करून भाऊसाहेबांच्या थोरल्या लेकीसाठी स्थळ सुचवलं. मी म्हटलं, अहो, ती मालिकेतली आहे. ते म्हणाले, "हाव, पण कुणाची तरी असंलच की. इचारून तर बघा."

अव्वा, म्हणजे माझी आई कमलम्मा, मालिका रोज बघायची. अप्पा गेल्यावर ती लातूरच्या घरात एकटीच होती. गुडघे गेलेले, त्यात एकदा न्हाणीत पडली. मी मुंबईला चल म्हणून मागे लागलो होतो आणि दोन वर्षं ती नाही नाही म्हणत होती. शेवटी यंदाच्या उन्हाळ्यात तयार झाली. शेंगदाण्याची चटणी कुटून झाली, ट्रंक भरून झाली, तुळस शेजारणीला देऊन झाली. मी यायला आठ दिवस होते, आणि नेमके तेव्हाच भाऊसाहेब वारले.

वारले म्हणजे चॅनेलला कथा पाच वर्षं पुढं न्यायची होती आणि माझा पगार मागंच ठेवायचा होता. हृदयविकाराचा झटका, मग दणक्यात अंत्ययात्रा, मग चिता. चितेवर ठेवायला माझा हुबेहूब पुतळा केला होता, सिलिकॉनचं तोंड आणि फायबरचं अंग. मी बाजूला खुर्चीवर बसून चहा पीत स्वतःला जळताना बघितलं. निरोपाचा केक कापला. घरी येऊन छान झोपलो.

भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्काचा फोन. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण दामिनी, उदगीरला असते. "तू ताबडतोब ये. अव्वानं भरलेली ट्रंक रिकामी केलीय. तुझा फोटो भितीकडं तोंड करून ठेवलाय. मुंबईचं नाव काढू देत न्हाई."

लातूरला पोचलो तर अव्वा कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसलेली, पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला.

"अव्वा, मी आलोय. बघ की इकडं."

"दामिनी, त्याला सांग, मला त्याच्या तोंडाकडं बघवत न्हाई."

अक्का आमच्या मधे उभी होती. "ती म्हणायली, बघवत न्हाई."

"ऐकलं मी, अक्का. मी इथंच आहे."

"त्याला इचार, जेवला का."

"जेवलास का?"

"अव्वा," मी म्हटलं, आणि माझं काढून घेतलेलं सगळं बोलणं आपोआप परत आलं, "ते नाटक हाय. रबराचा पुतळा जाळला त्यांनी."

"मला येडी समजतूस व्हय? नाटक हाय ते कळतंय मला. नाटकात तुझी दोन लग्नं लावली, मी काय म्हणले का? लग्न मोडतंय. जेलात घातलं, मी काय म्हणले? माणूस सुटून येतंय. जाळल्यालं कसं परत येतंय रे?" ती तावातावानं थेट माझ्याशीच बोलत होती. मग आठवण झाली तशी भिंतीला म्हणाली, "असं सांग त्याला."

"भाऊसाहेब आपल्यातला नव्हताच, अव्वा."

"मग कपाळाला इभूत लावून चार वर्सं कशाला हिंडत होता?"

आपल्यातल्या माणसाला जाळलं म्हणून त्याच सकाळी बसवंतअप्पांनीही कलेक्टरला द्यायचं निषेधाचं निवेदन लिहायला घेतलं होतं आणि मयताचा राहण्याचा पत्ता काय घालावा इथं येऊन ते अडलं होतं.

अव्वाशी आणखी दोन दिवस असंच बोललो, अक्कामार्फत. मी समोर गेलो की ती वळायची. मी वळून पुढे गेलो की ती परत वळायची. कॉटवरच्या कॉटवर तिनं चारी दिशा पाहिल्या. मला आधी हसू आलं, मग चीड आली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्या हातातून चहाचा कप चाचपडत घेतला तेव्हा मला रडूच फुटलं. माझी आई माझ्याकडे बघत नव्हती. बाकी जगानं माझ्याकडे किती का बघेना, त्याचा काही उपयोग नव्हता.

शेवटी अक्कानं रुद्रेशस्वामींना बोलावलं. स्वामी आमच्या घरचे जंगम, म्हणजे पूजापाठ आणि माती तेच करतात. दुपारनंतर त्यांचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खिशातल्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं कान खाजवला आणि विचारलं, "ओरिजिनल तर गेलं. डुप्लिकेट शिल्लक हाय का?"

मी भाबडेपणानं सांगून बसलो की आहे. आगीचा सीन, रिटेक लागला तर असावा म्हणून पुतळे दोन केले होते. दुसरा लागलाच नाही.

भिंतीकडे तोंड असलेल्या अव्वाचा कान इकडे वळल्यासारखा मला वाटला.

"आणा मग," स्वामी म्हणाले. "रीतसर समाधी देऊ. त्याबिगर म्हातारीच्या मनातला जाळ इझायचा न्हाई."

मी भडकलो. मी एक नाव असलेला नट, मी काय रबरी बाहुला घेऊन गावभर फिरू? खूप बोललो. बोलून झाल्यावर गाडी काढली आणि मुंबईला गेलो.

आर्ट डिपार्टमेंटच्या माणसानं पुतळा आनंदानं दिला. "न्या सर. बाथरूमला जायच्या वाटेवर पडलाय, आमची पोरं तिकडं जायचीच बंद झालीत." पुतळा निजलेलाच घडवलेला, त्यामुळे गाडीत बसेना. मागच्या सीटवर आडवा घातला तर पाय खिडकीबाहेर आले. चादर पांघरली तर आणखीच वाईट दिसलं, म्हणून काढून टाकली. टोलनाक्यावरच्या माणसानं आधी बाहेरचे पाय बघितले, मग आतलं तोंड, मग माझं तोंड. बराच विचार करून तो म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही पुढचे का मागचे?" मी गाडी पुढे काढली.

आमच्या समाजाच्या स्मशानात जागा मिळाली नाही. तिथं मेलेल्यांनाच घेतात, असं बसवंतअप्पांनी कळवलं, आणि एवढा एक शहाणपणाचा शब्द मी त्या आठवड्यात ऐकला. म्हणून रेणापूरला आमच्या शेतात करायचं ठरलं. शेत वाट्यानं करणाऱ्या श्रीमंत नावाच्या गड्याला खड्डा घ्यायला सांगितलं. कोण गेलं, हे त्यानं विचारलं नाही. "आडवा का बसून?" एवढंच विचारलं. सकाळी आम्ही पोचलो तर छातीइतका खोल खड्डा, आत पाठ टेकायला त्रिकोणी कोनाडा, सगळं नीटनेटकं तयार. गाडीतून मी उतरलो, मग मला उतरवलं. श्रीमंतनं दोघांकडे पाहिलं आणि टोपी काढली. कुणासाठी ते कळलं नाही.

अव्वा लिंबाच्या सावलीला खुर्चीवर बसली होती, पाठमोरी. स्वामींनी पुतळ्याला विभूती लावली, बेल वाहिला आणि मांडी घालायला म्हणून गुडघा धरला. गुडघा हलेना. श्रीमंतनं जोर लावला. मी लावला. स्वामींनी छातीवर बसून लावला. फायबर नुसतं करकरलं.

"आडवाच ठेवला तर?" मी विचारलं.

"मग जाळलं ते काय वाईट होतं?" स्वामी घाम पुसत म्हणाले.

अक्का व्यवहारी आहे. "श्रीमंत, करवत हाय का? गुडघ्यापासून काढू आन् मांडी घालून ठेवू."

पाठमोरी खुर्ची कडाडली, "खबरदार! माझ्या लेकराच्या पायाला करवत लावाल तर!"

"अव्वा, तुझं लेकरू मी आहे! मी इथं उभा आहे, उन्हात!"

"दामिनी, त्याला सांग, मोठी माणसं बोलताना मधी बोलू नको."

वर घार फिरत होती. मग अव्वाच म्हणाली, "जित्त्याला बसवा. त्याचे पाय दुमडतेत की."

मी स्वामींकडे आशेनं पाहिलं. शास्त्रात काहीतरी असेल याच्या विरुद्ध. स्वामींनी डोळे मिटून विचार केला. "चालंल," ते म्हणाले. "माती तेवढी टाकायची न्हाई."

मी खड्ड्यात उतरलो. पॅन्ट गुडघ्याला घट्ट होत होती, तशीच मांडी घातली. गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं. माती ओलसर होती. वर आभाळाचा तुकडा आणि त्यात स्वामींचं, अक्काचं, श्रीमंतचं डोकं. सवयीनं माझं तोंड पडलं.

वरून चौथं डोकं आलं. अव्वा काठीवर रेलून खाली वाकली होती, पदर मागे सरकला होता आणि ती माझ्याकडे बघत होती.

"तोंड पाडू नको," ती म्हणाली. "मेल्यालं माणूस तोंड पाडत न्हाई."

मी तोंड सैल सोडलं.

"हात चुकला. डावा घे. पाठ लाव भितीला. मान अशी न्हाई, सरळ. तुझ्या अप्पाची बघितलीस न्हवं? तवा भाऊबंद होते, त्यांनी केलं सगळं. आता कोण हाय? नागप्पा गेला, शिवशंकर गेला." तिनं काठी मातीत रोवली. "त्या म्हातारीला तू काय केलंस, मी बघितलं रे."

"कुठल्या म्हातारीला?"

"तुझी आई झाली होती ती. गेल्या साली. डोक्यापाशी उभा राहून आग लावलीस की तू. किती बेस केलंस. लाकडं कशी रचायची, मडकं कसं फोडायचं, समदं तुला येत होतं. मी तवा म्हणले, असू दे, नाटक हाय. मग तुला बी जाळलं. मग मला झोपच येईना. मल्लू, मी मुंबईला आले आन् तिकडंच गेले, तर तुला काय येतंय? तुला तर जाळायचं तेवढंच येतंय."

अक्का रडायला लागली. मालिकेतल्या आईला अग्नी देण्याचा तो सीन माझ्या सगळ्यात चांगल्या सीनपैकी आहे, त्याला पुरस्कारही मिळाला होता, आणि तो बघून माझी खरी आई कॉटवर बसून घाबरत होती, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"ऊठ," ती म्हणाली. "मी बसते. तू बसवून दाखव."

"अव्वा, येड लागलं का?"

"ऊठ म्हणते."

मी वर आलो. या वेळी स्वामींना शास्त्र कुणी विचारलं नाही. श्रीमंतनं आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून हळूच आत सोडलं, मग मी मागून उतरलो. दोघांना जागा पुरत नव्हती. मी तिचा उजवा पाय धरून दुमडायला लागलो आणि ती कळवळली. मी हात काढला.

"घाल घाल, काढू नको. जित्ती हाय म्हणून दुखायलंय. तवा दुखायचं न्हाई." ती दात आवळून बोलत होती. "पर लवकर कर. अंग ताठायच्या आत. आधी भितीला टेकव, लुगड्यानं बांध, मग पाय. आई हाय म्हणून लाजू नको. तिकडं स्वामी न्हाई भेटला तरी चालंल, तूच इभूत लाव. पर बसव."

मी एक पाय दुमडला. मग दुसरा. पाठ कोनाड्याला लावली, मान सरळ केली, डावा हात मांडीवर उघडा ठेवला, तिच्या गळ्यातलं लिंग त्यावर ठेवलं. विभूतीचे तीन पट्टे तिच्या कपाळावर ओढले, एक वाकडा गेला तो पुसून पुन्हा ओढला. तिनं सगळं लक्ष देऊन बघितलं, पेंडीचं पोतं नीट शिवलंय का बघायची तसं.

"आलं की तुला," ती म्हणाली. "सोमवारी निघू मग. ट्रंक परत भराया लागंल."

"बरं. आता चल वर."

तिनं डोळे मिटले. डोकं मागच्या मातीला टेकवलं. बाहेर ऊन रणरणत होतं.

"थांब की जरा," ती म्हणाली. "लई गार हाय हितं. बरं वाटायलंय."

मी दोन्ही बगलांत हात घालून तिला छातीशी धरलं आणि उचललं. तिची मांडी सुटली, ती मला शिव्या घालायला लागली, सोड म्हणायला लागली. मी सोडलं नाही. वरून अक्कानं आणि श्रीमंतनं ओढेपर्यंत मी तिला तसंच घट्ट धरून उभा होतो.